ताडपत्रीवाल्याच्या बायकोचं छप्पर

आमच्या घरात माझ्या पाठपिशवीवरून जितकी भांडणं झाली तितकी शेताच्या वाटणीवरूनही झाली नाहीत. पूर्वी ती पिशवी कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हती. दर पावसाळ्यात मी सांगलीतल्या आमच्या ग्रुपबरोबर डोंगरात जायची, दोन-चार दिवसांनी चिखलानं माखून परत यायची, आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातूनच म्हणायच्या, "आधी न्हाणीत जा." एवढ्यावर विषय मिटायचा. मग कमरेतला मणका सरकला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हवं तेवढं चाला, पण पाठीवर सहा किलोच्या वर काही घ्यायचं नाही. यातलं 'चाला' एवढं मी ऐकलं, आणि 'घ्यायचं नाही' एवढं बाकी सगळ्यांनी ऐकलं.

ग्रुपचा म्होरक्या शेती-औषधांचा दुकानदार आहे. मनानं चांगला माणूस. तो घरी भेटायला आला आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "वहिनी, तुमी काय बी काळजी करू नका. तुमची सॅक आमी सगळे वाटून घेतो. तुमी नुसतं हात हलवत चाला."

मला असा राग आला की कप उचलून आत नेला. तो प्रेमानं बोलला होता हे कळत होतं, तरी राग आला. ज्याचं सामान दुसरा उचलतो त्याला डोंगरात तोंड राहत नाही. कुठं थांबायचं, कुठल्या वाटेनं उतरायचं, मुक्काम कुठं टाकायचा, यातलं काही बोलायचा त्याचा हक्क संपतो. बाकीचे थांबले की थांबायचं, उठले की उठायचं आणि सारखं "थँक्यू हं" म्हणत राहायचं. मी वीस-बावीस वर्षं डोंगर चढले ते पाहुणी म्हणून फिरायला नाही.

आमच्या घरी दिवे लागायच्या आत जेवण होतं. त्या दिवशी पानावर बसल्यावर आमच्या ह्यांनी निकाल दिला. हे तसे कमी बोलतात. गणपती पेठेकडच्या बाजूला आमचं ताडपत्रीचं दुकान आहे, आणि दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून यांचे शब्द संपतात असं मी नेहमी म्हणते. त्या दिवशी मात्र ठेवणीतले काढले.

"जायाचं तर जा," ते म्हणाले. "पन एक हाय. तुझी पिशवी तू न्यायची. वाटंत एकदा जरी दुसऱ्या कुणी उचलली, तर ते डोंगर-बिंगर बंद. कायमचं. परत त्यो विषय न्हाई."

त्यांना वाटलं असावं की मी आता हातापाया पडेन. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हटलं, "मान्य. घरातनं निघाल्यापासून घरात येईपर्यंत. आत्ती साक्षीला हायत."

आत्तींना साक्ष द्यायची नव्हती. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "चातुर्मासात मुनीमहाराजसुद्धा एका जागी थांबत्यात," त्या म्हणाल्या. "पावसात जमिनीवर किती जीव आसत्यात. पाऊल टाकायला जागा नसती. आन् ही बया नेमकी तवाच निघती." हे त्या दरवर्षी म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मला कधीच वाटलं नाही, पण म्हणून मी घरी बसलेही नाही. मला डोंगर पावसात हवा असतो. उन्हाळ्यातला डोंगर मला परक्याच्या घरासारखा वाटतो. माझं माहेर शिराळ्याकडचं, पावसाळी मुलखातलं. सांगलीच्या कोरड्या हवेत मी संसार केला, दोन पोरं वाढवली, सगळं केलं. पावसातले चार दिवस तेवढे माझे.

तर सहा किलो. त्यात माझं अंथरूण, पांघरूण, छप्पर, पावसाचे कपडे, खाणं आणि पाणी. माझी जुनी सॅक रिकामीच दोन किलोंच्या पुढं होती आणि जुना तंबू तर विचारूच नका. मी रोज दुपारी मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायला लागले. हे लोक दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापतात. चमच्याला भोकं पाडतात. त्यांच्यातला एक टोपीवरचं कंपनीचं लेबल उसवत होता, आणि आत्ती माझ्या मागं उभ्या राहून बघत होत्या. "ह्याला काय काम न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या.

मला मात्र हसू वेगळ्या कारणानं येत होतं. कमीत कमी सामान घेऊन चालायचा शोध आपणच लावला असं या लोकांना वाटतं. आमच्या जैनांत मुनीमहाराज गळालेल्या मोरपिसांच्या एका पिंछीवर आणि एका कमंडलूवर गावंच्या गावं चालत जातात, अंगावर सूतसुद्धा नसतं. त्यांच्या पुढं त्या अर्ध्या ब्रशवाल्याची काय कथा? आत्ती स्वतः तरुणपणी विहारात चालल्या आहेत, म्हणजे महाराज एका गावाहून दुसऱ्या गावी निघाले की त्यांच्या मागून, शिदोरीचं गाठोडं घेऊन, अनवाणी. तेव्हा हलकं चालणं हे आमच्या घरात काही अमेरिकेतून यायला नको होतं.

पण एका ठिकाणी माझं घोडं अडलं. सगळ्या व्हिडिओत, सगळ्या याद्यांत एकच गोष्ट पहिल्या नंबराला: पिसांचं पांघरूण. बदकाच्या, हंसाच्या पोटाखालची मऊ पिसं भरलेलं. मुठीत मावतं, ऊब भरपूर, वजन नावाला. म्होरक्याकडं तसलं आहे. त्यानं ते माझ्या हातात दिलं आणि माझ्या हाताला ते खरंच कळलंही नाही, इतकं हलकं.

"मी न्हाई घेणार," मी म्हटलं.

"आवं वहिनी, त्यात काय? बदक आधीच मेलेलं आसतंय."

"मेलेलं नसतं. मारलेलं असतं."

त्यानं पांघरूण परत पिशवीत कोंबलं. मी काही फार मोठी धर्मात्मा नाही. पर्युषणात उपवासाच्या दिवशी माझं डोकं दुखतं आणि मी सगळ्यांवर खेकसते. पण पक्ष्याची पिसं पांघरून मला झोप येणार नाही, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. झोप नको असती तर घरीच बसले असते. मग मी साधं कृत्रिम धाग्यांचं पांघरूण घेतलं. ते पिसांच्या पांघरुणापेक्षा पुरती एक वीट जड. सॅक आधीच हलकी घेऊन झाली होती, म्हणजे ती वीट मला दुसरीकडून काढायची होती, आणि दुसरीकडं म्हणजे छपरातून आणि पावसाच्या कपड्यांतून. तिथंच काय ती काढण्यासारखी होती.

आता बाकीचे म्हणायचे, छप्पर लागतंच कशाला? आपल्याकडं ट्रेकला जाणारे लोक देवळात झोपतात. डोंगरातल्या गावात एक देऊळ असतं, त्याला मंडप असतो, पाठ टेकली की झालं. ते झालं बाप्यांचं. काही गावांत बाईनं मंडपात रात्र काढलेली चालत नाही. मग तिथला गुरव मला कुणाच्या तरी घरी नेऊन सोडायचा, त्या घरची बाई स्वतःची वाकळ मला देऊन जमिनीवर झोपायची, आणि पहाटे माझ्यासाठी चुलीला लागायची. किती वर्षं मी असं दुसऱ्या बाईचं अंथरूण घेतलं. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही, पण मला ते आवडत नव्हतं. मला माझं छप्पर हवं होतं. कुणाला न विचारता जिथं टाकीन तिथं माझं.

ताडपत्रीवाल्याच्या बायकोला छप्पर मिळत नाही म्हणजे कमालच. पण आमच्या धंद्यात हलकं हा शब्दच शिवीसारखा आहे. बेदाण्याच्या शेडवाला येऊ दे, ट्रकवाला येऊ दे, नाहीतर हळदीचा व्यापारी, तो आधी ताडपत्रीचं टोक हातात घेऊन वजन बघतो. जड लागली की मान हलवतो. हलकी लागली की म्हणतो, "हे काय, पदर हाय व्हय?" म्हणून मी मागवलेलं कापड आलं, सिलिकॉन लावलेलं, पतंगाच्या कागदासारखं सळसळणारं, तेव्हा आमच्या ह्यांनी ते अंगठा आणि बोटात धरून चोळलं, जसं ते सगळं कापड चोळतात, आणि माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी मणका सोडून डोक्याचं ऑपरेशन केलं की काय, असं ते बघणं होतं.

"ह्यानं चिमणी तरी झाकंल काय?"

"मी झाकंन," मी म्हटलं. "चिमणीचं चिमणी बघंल."

ते शिवायला मी दुकानातल्या मशिनवर बसले. माझ्या हातून झालेला घोळ तो हाच. आमचं मशीन ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारं, त्याची सुई दाभणासारखी. लग्न होऊन आल्यापासून मी तेच शिवण बघितलं आणि तेच शिकले. कड दुमडायची, कडेत दोरी घालायची, त्यावर दुहेरी शिवण मारायची, हातभर अंतरावर पितळी कडी ठोकायची. मी त्या पतंगाच्या कागदाला सगळं तसंच केलं. एवढंच कशाला, रुंदी पुरेना म्हणून मधोमध जोडही दिला. पुरं झाल्यावर दुकानाच्या काट्यावर ठेवलं, तर कापडापेक्षा दोरी आणि कड्या जड. आमच्यासारख्या माणसांना हलकं कापड दिलं तरी आम्ही त्याचा ट्रक करून ठेवतो.

तरी मी ते गच्चीवर नेऊन बांधलं, आणि हे पाण्याचा पाईप घेऊन आले. त्यांना बोलवायला लागलं नाही. मी त्याखाली जाऊन बसले. त्यांनी पाईप सोडला, आणि पहिल्या मिनिटात त्या मधल्या जोडावरून माझ्या डोक्यावर थेंबांची रांग लागली. दाभणाएवढ्या सुईनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून एक थेंब. मी ओलीचिंब होऊन बसले आणि हे पाईप काही बंद करेनात.

"बास की!" मी ओरडले.

"डोंगरात पाऊस बास म्हटल्यावर थांबतो काय?" ते म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माणूस एवढा खूश मी क्वचित बघितला.

चिडून मी ते सगळं उसवलं. सगळं म्हणजे सगळं, दोरी, कड्या, जोड. दुसरं कापड मागवलं, यावेळी पूर्ण पन्ह्याचं, की मधे जोडच नको. दुकानाच्या मशिनला हातही लावला नाही. ब्लाऊज शिवायचं माझं जुनं मशीन खाली काढलं, त्याला सगळ्यात बारीक सुई लावली, कडा एकेरी दुमडल्या, कड्यांच्या जागी नाडीचे छोटे फास शिवले, तेसुद्धा फक्त कोपऱ्यांवर आणि मधे. खिडकीच्या काचांना लावतात ते सिलिकॉन टर्पेंटाईनमध्ये पातळ करून प्रत्येक शिवणीवर बोटानं चोळलं. घरात वासानं कुणाला बसवेना. आत्ती दोन दिवस बाहेरच्या ओट्यावर बसल्या. खांब म्हणून माझ्या चालायच्या दोन काठ्या. तळ नाही, दार नाही, चेन नाही. काट्यावर ठेवलं तर काटा हललाय की नाही हे वाकून बघावं लागलं. पुन्हा गच्ची, पुन्हा पाईप. यावेळी ह्यांनी बराच वेळ पाणी मारलं, चारी बाजूंनी मारलं, खालून वर मारलं, आणि मग पाईप गुंडाळून ठेवला.

पावसाच्या कपड्यांचं त्यापेक्षा लवकर उरकलं. आमच्या ग्रुपकडं महागडी जॅकेटं आहेत, गळ्यापासून मांडीपर्यंत चेन लावलेली. चढाला लागलं की दहा मिनिटांत माणूस आतून घामानं भिजतो. पाऊस बाहेरून यायचं कारणच राहत नाही. मी सरळ खोळ शिवली. शाळेत असताना आम्ही गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घ्यायचो, तीच. डोकं, पाठ, पाठीवरची पिशवी, सगळं एका कापडाखाली. पुढून उघडी, वारं खेळतं. खाली त्याच कापडाचा गुडघ्याएवढा घेर, लुंगीसारखा गुंडाळायचा. ग्रुपमधल्या एकानं ते बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, भात लावायला निघालाय काय?"

"तुमी या की चिखल करायला," मी म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी पिशवी भरून काट्यावर ठेवली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चुरमुरे, पाणी, सगळं धरून सहाच्या आत बसली. मी खोलीभर नाचायचीच बाकी होते. सकाळी उचलली तर जराशी वेगळी वाटली. आत हात घातला तर एक छोटी कुंचली, मऊ सुताची, लाकडी दांडीची, आत्तींच्या देवघरातली. मी शेवटी दात घासायच्या ब्रशचीही दांडी कापलेली बाई, आणि माझ्या पिशवीत ही दांडी!

"आत्ती, हे काय?"

"जागा झाडून मग बस," त्या जपाची माळ न थांबवता म्हणाल्या. "जातीस तर जा. जीव तुडवत जाऊ नको."

मला ती काढून ठेवता आली असती. मी काढली नाही. दांडी मात्र अर्धी कापली, त्यांच्या समोर.

साताऱ्याकडच्या मेढ्याहून आम्ही वर चढलो. पहिला मुक्काम देवळाच्या गावात पडला. बाकीचे सहाजण मंडपात गेले. तिथला गुरव मला म्हणाला, "ताई, घरात चला की, आमची मंडळी हायत." मी म्हटलं, "त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, आज तुमचं अंथरूण तुमालाच." उजेड असतानाच देवळामागच्या आंब्याखाली दोन काठ्या उभ्या करून माझं छप्पर ताणलं, दशमी खाल्ली आणि पडले. सकाळी उठले तर मी कोरडी, आणि मंडपाच्या कौलातून गळून म्होरक्याचं पिसांचं पांघरूण लगदा झालेलं. पिसं भिजली की संपली. मी त्याला एक शब्द बोलले नाही. बोलायची फार इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी पठारावर आम्हाला पावसानं गाठलं. तो पाऊस आडवा होता. वाऱ्यानं उभं राहता येईना आणि धुक्यात पुढच्याची पाठ दिसेना. वाट सोडणं धोक्याचं होतं, म्हणून थांबायचं ठरलं. उघड्या कातळावर थांबायचं म्हणजे कुडकुडायचं. जॅकेटवाले आतून घामानं आणि बाहेरून पावसानं, दोन्हीकडून भिजले होते. एकाचे ओठ निळे पडायला लागले होते. मी पिशवी उतरवली, छप्पर काढलं, आणि मग माझं लक्ष खाली गेलं. छप्पर टाकायला बघितलेल्या कातळाच्या खोलगट जागेत गोगलगायी होत्या. नखाएवढ्या, पुष्कळ.

मी कुंचली काढली.

"वहिनी!" म्होरक्या वाऱ्यात ओरडला. "काय कराय लागलाय?"

"झाडतीय."

सहा बाप्ये पावसात उभे, आणि मी ओणवी होऊन एकेक गोगलगाय कडेला सारतेय. त्यातला एक काहीतरी पुटपुटला, ते ऐकण्यासारखं नव्हतं. मला कुणाची पर्वा नव्हती. छप्पर माझं, त्याखालची जागा माझी, तिथं कसं बसायचं ते मी ठरवणार. झाडून झाल्यावर वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवून दगडांनी दाबली, पुढची बाजू काठ्यांवर उचलली, आणि सगळ्यांना आत घातलं. सातजण, गुडघ्याला गुडघा लावून. चिमणी झाकणार नाही म्हणाले होते ना? मी चटणी-दशमी फिरवली. डोक्यावर कापड असं फडफडत होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं, पण आत एक थेंब आला नाही. मी सारखी वर शिवणीकडं बघत होते. मला त्या शिवणीचा गर्व झाला होता, आणि मी तो दाबला नाही.

पावसाचा जोर कमी झाला तसे सगळे उठले. मी उठायला गेले आणि कमरेतून डाव्या पायात वीज गेली. एवढा वेळ गुडघे मुडपून बसल्यानं असेल, ओणवं होऊन झाडल्यानं असेल. पाय बधिर. मी काठीला धरून तशीच राहिले. भिजलेलं छप्पर, भिजलेली खोळ, सगळी पिशवी आता काल होती त्याहून जड होती. खरं सांगते, मी घाबरले.

म्होरक्यानं बघितलं. तो जवळ आला, माझ्या पिशवीच्या पट्ट्याकडं हात नेला आणि अगदी हळू म्हणाला, "द्या वहिनी. आज तुमी आमाला झाकलं. कुणाला सांगायचं न्हाई आपण. तुमच्या मालकांना कशाला कळतंय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मला ती द्यावीशी वाटली. मनापासून वाटली. खाली मेढ्यापर्यंत सगळा उतार होता, कुणी बघणार नव्हतं, आणि सहाही जण गप्प राहिले असते. पण मला कळलं असतं. आणि पुढच्या पावसाळ्यात मी पिशवी भरली असती तेव्हा ती माझी नसती.

"हात काढा," मी म्हटलं. "मला माणूस नको. मला वेळ पाहिजे. थांबा."

"किती?"

"मला पाहिजे तेवढा. पिशवी घेणार होता ना? ते नको. नुसतं थांबा."

डोंगरात चालणाऱ्या बाप्यांना सामान उचलायला सांगा, आनंदानं उचलतील. थांबायला सांगितलं की त्यांच्या जिवावर येतं. पण ते थांबले. मी छप्पर पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. खोळ पिळली. उरलेलं पाणी ओतून टाकलं, खाली झरे होतेच. उताणी पडले, एक गुडघा छातीशी, मग दुसरा, डॉक्टरांनी शिकवल्यासारखं, तोंडावर रिमझिम घेत, सगळ्यांच्या देखत. पन्नाशी ओलांडलेली बाई कातळावर पाय वर करून पडलेली, आणि बाजूला सहाजण धुक्याकडं बघत उभे. पायात हळूहळू जीव आला. मग बसून पिशवीच्या पट्ट्यांत हात घातले, काठीवर भार दिला आणि उठले.

उतार मी माझ्या चालीनं उतरले. सगळ्यात पुढं मला ठेवलं होतं, म्हणजे सगळे माझ्या चालीनं उतरले.

मेढ्याच्या स्टँडवर हे गाडी घेऊन आले होते. मला बघितल्याबरोबर लगबगीनं पुढं आले आणि नेहमीच्या सवयीनं पिशवीला हात घातला. मी अशी मागं सरले की शेजारचा भेळवाला बघायला लागला.

"हात लावू नका!"

ते थबकले. त्यांच्या ध्यानात आलं. मग जाऊन डिकी उघडून नुसतं धरून उभे राहिले. मी पिशवी मांडीवरच घेऊन बसले, सांगलीपर्यंत. साताऱ्याच्या पुढं आल्यावर त्यांनी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातलं ओलं कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"गळलं न्हाई?"

"सातजण बसलो आत."

पुढं कऱ्हाड आलं. मग म्हणाले, "कड दुहेरी पाहिजे हुती."

घराच्या पायऱ्या चढले, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, पिशवी खाली ठेवली, आणि तिथंच भिंतीला पाठ लावून बसले. संपलं होतं. आत्ती देवघरातून बाहेर आल्या. त्यांनी मला विचारलं नाही, ह्यांना विचारलं, "कुणी उचलली?"

"कुणी न्हाई. मी हात लावाय गेलो तर अंगावर आली."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "झाडलंस?"

"झाडलं. सहाजणांना पावसात उभं करून झाडलं."

आत्तींनी मान हलवली. मग वाकल्या, एका हातानं गुडघा धरून, आणि दुसऱ्या हातानं माझी पिशवी उचलली. अशी उचलली की आमच्या दोघांच्या तोंडून "अहो आत्ती" आणि "अगं आई" एकदमच निघालं. त्यांनी ती एका खांद्याला लावली, जड आहे का बघितलं, आणि तशाच न्हाणीच्या दारापर्यंत चालत गेल्या, पाठीत वाकून, चिखलाचे थेंब फरशीवर पाडत.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "विहारात आमच्या गाठोड्यात ह्याच्या दुप्पट आसायचं."

ह्यांचा चेहरा उजळला. व्यापारी माणूस, शब्द कसा धरायचा ते त्यांना कळतं. "आई," ते म्हणाले, "उचलली की तू. हिचं ठरलं हुतं, दुसऱ्या कुणी उचलली तर..."

"मी काय दुसरी कुणी हाय व्हय?"

आत्तींनी पिशवी न्हाणीत ठेवली, माझं ओलं छप्पर काढून दोरीवर टाकलं, मग कुंचली काढली, कापलेली दांडी निरखून बघितली आणि नळाखाली धरली.

"चातुर्मासात जाऊ नये," पाण्याच्या आवाजात त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हे माझं म्हननं हाय तसं हाय."

"आणि मी जाणार," भिंतीला टेकून मी म्हटलं, "हे माझं पण हाय तसंच हाय."

"तर काय," आत्ती म्हणाल्या, आणि ती कुंचली वाळायला माझ्या छपराशेजारी दोरीवर घातली.